घडीव भाषांतील गणगोत

जर्मनीतील वीसबाडेन येथील ग्रंथालयात सुमारे १५ किलो वजनाची एक हस्तलिखित पोथी आहे. तिच्या आकारावरून तिला ‘महाकाय पोथी’ असेच नाव पडले आहे. बाराव्या शतकातील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड यांचे दृष्टान्त, पत्रे, गीते असे बहुतेक सारे लेखन तीत एकत्र केलेले आहे. त्यांतील काही पाने मात्र वेगळीच आहेत. त्यांवर हजाराहून थोड्या अधिक शब्दांची एक यादी आहे. हे शब्द लॅटिन नव्हेत, जर्मनही नव्हेत. ते संत हिल्डेगार्ड यांनी स्वतः घडविलेले आहेत, आणि त्यांचा अर्थ लॅटिन किंवा जर्मन शब्दांनी दिलेला आहे. या भाषेस त्यांनी ‘अज्ञात भाषा’ म्हटले.

यादीचा क्रम अकारविल्हे नाही. तो सृष्टीचा क्रम आहे. प्रथम देव, म्हणजे ‘आइगोन्झ’. मग देवदूत, ‘आइएगान्झ’. मग संत, तारणारा, सैतान. त्यानंतर मनुष्य येतो, आणि मनुष्यापाठोपाठ त्याचे गणगोत येते. शरीराचे अवयव, रोग, हुद्दे, कारागीर, वस्त्रे, झाडेझुडपे, पाखरे आणि किडे यांचा नंबर त्यामागून. माणसाला नाक-डोळे असण्याआधी आई-बाप असतात, असा काहीसा हा क्रम आहे, आणि आम्हांला तो फार आवडतो.

बाप म्हणजे ‘पेवेरिझ’, आई म्हणजे ‘माइझ’, आजोबा म्हणजे ‘फाझुर’. आजोबांच्याही पलीकडच्या पूर्वजाला ‘कुल्झफाझुर’. इथवर फारसे नवल नाही. पुढे सावत्र बाप येतो, ‘हिल्झपेवेरिझ’. आणि सावत्र आई, ‘हिल्झमाइझ’. ‘हिल्झ’ हा उपसर्ग लावला की सख्खे नाते सावत्र होते. आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलो तेव्हा सावत्र बाप, सावत्र आई आणि सावत्र मुलगा यांसाठी तीन निरनिराळे शब्द पाठ करावे लागले होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. जर्मन भाषेत मात्र एकच उपसर्ग तिघांनाही लागतो, जसे आपण ‘सावत्र’ हे विशेषण लावतो तसे. म्हणजे मठातील उपासनेची आणि ग्रंथांची भाषा लॅटिन असूनही, नाती घडविताना संत हिल्डेगार्ड यांच्या कानात घरची भाषा वाजत होती.

या भाषेचे प्रयोजन काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी तिला गूढ उपासनेची भाषा मानतात, कोणी मठभगिनींना एकत्र बांधणारी खूण. आमचे कुतूहल अधिक साधे आहे. परंपरा सांगते की हिल्डेगार्ड हे दहावे अपत्य, आणि चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे वयाच्या आठव्या वर्षी आईवडिलांनी त्यांना देवाला वाहिले. म्हणजे संसार असा त्यांनी पाहिला तो आठ वर्षांचा. तरीही स्वतःची भाषा घडविताना त्यांना सावत्र आईसाठी शब्द हवासा वाटला. त्या काळी बाळंतपणात बायका फार मरत, विधुर पुन्हा लग्न करीत, आणि सावत्र नाते हे घरोघरचे होते. मठाच्या दाराशी येणाऱ्या माणसांच्या दुःखांत ‘हिल्झमाइझ’ पुष्कळदा आली असली पाहिजे. शिवाय तो काळ नातेसंबंधांच्या काटेकोर मोजणीचाही होता. ख्रिस्तसभेच्या कायद्याने तेव्हा सातव्या पायरीपर्यंतच्या आप्तांत विवाह निषिद्ध होता; १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने ती मर्यादा चौथ्या पायरीवर आणली. संत हिल्डेगार्ड ११७९ साली निवर्तल्या, तेव्हा सातांचा हिशेब चालूच होता. पूर्वजांसाठी वेगळा उपसर्ग कशाला, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने हे ध्यानात घ्यावे.

नवी भाषा घडविणाऱ्याला पुष्कळ गोष्टी टाळता येतात. अनियमित क्रियापदे टाळता येतात, लिंगभेद टाळता येतो, कधी कधी अवघड व्यंजनेही. आई आणि बाप मात्र त्याला टाळता येत नाहीत. आणि ते शब्द तो कसे घडवितो यावरून घर म्हणजे काय याविषयीची त्याची समजूत उघडी पडते. त्यातही योगायोग असा की भाषा घडविणाऱ्यांनी नमुन्यादाखल वारंवार निवडली ती प्रभूने शिकवलेली प्रार्थना, आणि तिच्या आरंभीच ‘बाप’ उभा आहे. परीक्षा पहिल्याच शब्दाला सुरू होते.

इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्स या विद्वानाने १६६८ साली आपल्या तात्त्विक भाषेचा मोठा ग्रंथ छापला. त्याच वर्षी तो अँग्लिकन पंथाचा चेस्टरचा बिशप झाला. त्याने जगातील सर्व वस्तूंची व कल्पनांची चाळीस वर्गांत वाटणी केली आणि प्रत्येक शब्द वर्गीकरणातूनच काढला. ‘को’ म्हणजे कौटुंबिक नाते. ‘ब’ म्हणजे त्यातील पहिला भेद, रक्ताचे नाते. शेवटचा ‘आ’ म्हणजे त्यातील दुसरी जात, सरळ रेषेत वर गेलेले. मिळून झाले ‘कोबा’. पण ‘कोबा’ म्हणजे बाप नव्हे. तो जन्मदाता, मग आई असो की बाप. प्रभूच्या प्रार्थनेचे स्पष्टीकरण करताना विल्किन्स प्रामाणिकपणे सांगतो, की काटेकोरपणे ‘बाप’ म्हणायचे तर पुरुषत्वाची खूण जोडली पाहिजे; आणि देवाला बाप म्हणणे हे रूपक असल्यामुळे वर रूपकाची खूणही देता येईल. तर्क बिनचूक आहे. पण अशा रीतीने कोणी देवाला हाक मारल्याचे ऐकिवात नाही.

यानंतर दोनशे वर्षे ओलांडून आपण बाडेन प्रांतातील एका खेड्यात येतो. कॉन्स्टान्स सरोवराजवळच्या लित्सेलश्टेटेन या धर्मग्रामाचे धर्मगुरू योहान मार्टिन श्लायर यांना मार्च १८७९ मधील एका निद्राहीन रात्री अशी प्रेरणा झाली, की सर्व मानवजातीसाठी एक भाषा घडवावी. ते स्वतः ही प्रेरणा देवाकडून आलेली मानीत. एक हकीकत अशी सांगतात, की त्यांच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत होता आणि बापाने त्याला धाडलेली पत्रे पत्ता न उमगल्यामुळे परत येत. त्यावरून फादरांच्या मनात जागतिक लिपीचा विचार घोळू लागला होता. हकीकत खरी असेल तर बाप-लेकातील तुटलेल्या पत्रव्यवहारापासून या खटाटोपास सुरुवात झाली असे म्हणावे लागेल.

त्यांच्या भाषेचे नाव ‘व्होलाप्यूक’, म्हणजे जगाची बोली. इंग्रजी-जर्मन शब्द घेऊन ते कापून-छाटून लहान करायचे ही त्यांची रीत. बाप म्हणजे ‘फात’, मुलगा म्हणजे ‘सोन’. चिनी लोकांना ‘र’ जड जातो म्हणून फादरांनी तो शक्य तेथे टाळला, आणि भावाचा ‘ब्लोद’ झाला. इंग्रजी जाणणाऱ्यास तो पाहून भावाऐवजी रक्तच आठवावे! स्त्रीवाचक शब्दासाठी ‘यि’ सारखा एक उपसर्ग योजिला. त्याचा उच्चार ‘शि’ कडे झुकतो. मुलाला तो लावला की मुलगी, ‘शिसोन’. भावाला लावला की बहीण, ‘शिब्लोद’. बहीण म्हणजे स्त्री जातीचा भाऊ. व्होलाप्यूकचा प्रसार झपाट्याने झाला, १८८९ साली पॅरिसला त्या भाषेतच परिषद भरली. आणि भाषेत सुधारणा करण्याचा अधिकार कोणाचा, या वादात तितक्याच झपाट्याने ती ओसरली. पुढे विसाव्या शतकात एका डच अभ्यासकाच्या हातून तिची डागडुजी झाली, तेव्हा बहिणीला स्वतःचा, भावावर न टेकलेला शब्द मिळाला.

आता एस्पेरांतोकडे येऊ, कारण घडीव भाषांत खऱ्या अर्थाने नांदली ती हीच. तिचे जनक लुडविक झामेनहॉफ हे १८५९ साली बियालिस्तोक येथे जन्मलेले ज्यू, व्यवसायाने नेत्रवैद्य. रशियन, पोलिश, जर्मन आणि यिद्दिश बोलणाऱ्यांच्या हाणामाऱ्या त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या. १८८७ साली वॉर्सा येथे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात सोळा नियम, सुमारे नऊशे धातू, आणि नमुन्याच्या उताऱ्यांत प्रभूची प्रार्थना. छपाईचा पैसा भावी सासऱ्यांनी दिला, हेही येथेच नोंदवून ठेवू. नात्यांच्या इतिहासात सासऱ्यांच्या वाट्याला श्रेय सहसा येत नाही.

झामेनहॉफ यांचे सूत्र असे, की शिकणाऱ्यावर पाठांतराचा बोजा कमीत कमी पडावा. म्हणून थोडे धातू आणि पुष्कळ प्रत्यय. बाप ‘पात्रो’, त्याला स्त्रीवाचक ‘इन’ जोडला की आई, ‘पात्रिनो’. भाऊ ‘फ्रातो’, बहीण ‘फ्रातिनो’. मुलगा ‘फिलो’, मुलगी ‘फिलिनो’. लग्नाने जडलेल्या नात्याला ‘बो’: सासरा ‘बोपात्रो’, सासू ‘बोपात्रिनो’. दोघे मिळून म्हणायचे तर ‘गे’: ‘गेपात्रोय’ म्हणजे आईबाप. एवढे समजले की दहा मिनिटांत सारे कुटुंब तोंडपाठ होते. स्नानसंस्कारातील धर्मपित्यालाही याच कारखान्यातून ‘बाप्तोपात्रो’ असा शब्द मिळतो. सोय म्हणून याला तोड नाही.

पण आई? ती येथे बापाला शेपूट लावून तयार झाली आहे. मुलाने लाडाने हाक मारायची तर बापाला ‘पाच्यो’ आणि आईला ‘पान्यो’. म्हणजे लडिवाळ रूपातही ‘प’ बापाचाच. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, जगातील भाषांतून जमविलेल्या हजारावर शब्दांच्या आधारे दाखवून दिले की आईच्या नावात ‘म’ सारखे अनुनासिक ध्वनी फार आढळतात. दूध पिणारे मूल ओठ मिटलेले असताना तोच आवाज काढू शकते. अपवाद आहेत. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप, आणि आपल्या भाषेत आईचा भाऊ. तरी शब्द व्याकरणकाराच्या आधी बाळाच्या ओठांवर घडतो, हे त्यांचे म्हणणे पटण्याजोगे आहे. १९०७ साली एस्पेरांतोत सुधारणा करून ‘इदो’ ही भाषा निघाली; तिने आईला ‘मात्रो’ हा स्वतंत्र शब्द परत दिला आणि ‘फ्रातो’चा अर्थ भाऊ किंवा बहीण असा मोकळा केला. एस्पेरांतोभाषकांतही या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले आहेत.

कॅथोलिकांना हा वाद परका नाही, कारण एस्पेरांतोत आपली उपासना होते. व्हॅटिकन रेडिओवर त्या भाषेतील कार्यक्रम १९७७ साली सुरू झाले, आणि १९९० साली परमपीठाने त्या भाषेत मिस्सा अर्पण करण्याविषयी नियम काढले. तिच्यात पवित्र मरियेला ‘देवाची माता’ म्हणायचे तर शब्द आहे ‘दिपात्रिनो’. फोड करून पाहिली तर ‘देव’, ‘बाप’ आणि स्त्रीवाचक प्रत्यय. ती भाषा बोलणारा भाविक अशी फोड मनात करीत नाही, हे आम्ही जाणतो. ‘मावशी’ म्हणताना तिच्या पोटातला ‘मातृ’ आपण कोठे ऐकतो? तथापि ज्या मातेला मानवी पित्याविना पुत्र झाला असे आपण श्रद्धेने मानतो, तिचेच नाव पित्याच्या धातूवर उभे राहावे, हे आमच्या कानाला खटकते.

एस्पेरांतोची दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान या सर्वांना तीत एकच शब्द, ‘ओंक्लो’. चुलत, मावस, आते, मामे या चारही भावंडांना ‘कुझो’. दीर आणि मेव्हणा दोघेही ‘बोफ्रातो’; वहिनी, नणंद आणि मेव्हणी या ‘बोफ्रातिनो’. जुन्या लॅटिनमध्ये असे नव्हते. तेथे बापाचा भाऊ वेगळा, आईचा भाऊ वेगळा, बापाची बहीण वेगळी, आईची वेगळी, अगदी आपल्यासारखेच. लॅटिनपासून फ्रेंच होताना ही घरे मोडली, आणि उरलेल्या शब्दांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. फ्रेंचमधील काका-मामांचा समाईक शब्द मुळात लॅटिनमधील ‘आईचा भाऊ’. आणि ‘कझिन’ या शब्दाचे मूळ ‘आईच्या बहिणीचे अपत्य’. झामेनहॉफ यांनी हे फ्रेंच शब्द उचलले. म्हणजे एस्पेरांतोत काकाला हाक मारणारा नकळत त्याला मामा म्हणतो, आणि आतेभाऊ तेथे मावसभाऊ होऊन बसतो!

याहून एक गोष्ट आम्हांला अधिक विचारात पाडते. व्याही आणि विहीण यांसाठी यिद्दिशमध्ये स्वतंत्र, रोजच्या वापरातले शब्द आहेत, रशियनमध्येही आहेत. झामेनहॉफ यांनी तर तरुणपणी यिद्दिशचे व्याकरण लिहिले होते. तरी मुलाचे सासू-सासरे आपले कोण, याचे उत्तर त्यांच्या मूळ शब्दकोशात नाही. सर्व जगासाठी भाषा करायची म्हणताना त्यांनी आपल्या आईच्या घरातला शब्द उंबऱ्याबाहेर ठेवला आणि पॅरिसच्या दिवाणखान्यातला आत घेतला. सर्वांचे म्हणून जे घर बांधले जाते ते बहुधा शेजारच्या श्रीमंताच्या घराच्या मापाने बांधले जाते. श्लायर यांच्या बाबतीतही तेच झाले. झामेनहॉफ यांच्या स्वतःच्या घराची अखेर तर सांगवत नाही. ते १९१७ साली वारले. त्यांचा मुलगा आदाम १९४० मध्ये नाझींच्या गोळ्यांना बळी पडला, आणि झोफिया व लीडिया या मुलींचा १९४२ मध्ये त्रेब्लिंका येथे अंत झाला.

नात्याचा शब्द सपाट झाला तर काय बिघडते, असे कोणी विचारील. आमच्यासारख्या धर्मगुरूला ते विवाहपूर्व चौकशीच्या मेजावर कळते. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे आडव्या रेषेत चौथ्या पायरीपर्यंत रक्ताचे नाते असेल तर सवलतीवाचून विवाह होत नाही. मुलगा म्हणतो, “ती माझी लांबची कझिन.” मग कागद घ्यावा, रेघा ओढाव्यात, आजी कोण, आजीची बहीण कोण, असे विचारीत जावे. तेवढ्यात सोबत आलेली म्हातारी एका शब्दात सांगते, “अहो फादर, मामेबहीण ती!” तर्काने केलेल्या भाषेला जे दहा शब्दांत साधले नसते ते येथे एका शब्दात साधते.

शेवटी ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन. त्यांच्या कादंबऱ्या आता सर्वत्र वाचल्या जातात. पण ते स्वतः म्हणत की भाषा आधी आल्या, कथा मागून. ते निष्ठावंत कॅथोलिक होते. चार वर्षांचे असताना वडील गेले. आईने १९०० साली कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा माहेर-सासरच्या पुष्कळांनी तिच्याकडे पाठ फिरवली. १९०४ मध्ये तीही गेली. बारा वर्षांच्या या मुलाचा व त्याच्या धाकट्या भावाचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. ज्याने ‘बाप’ हा शब्द रक्ताच्या माणसासाठी फार थोडा वापरला आणि एका धर्मगुरूसाठी आयुष्यभर वापरला, अशा माणसाने पुढे बापासाठी नवा शब्द घडविला.

त्यांच्या क्वेन्या भाषेत बाप ‘आतार’, आई ‘आमिल’. दोघांची मुळे स्वतंत्र. शिवाय मुलाच्या तोंडचे शब्द निराळे: ‘आत्तो’ आणि ‘एम्मे’. इतकेच नव्हे, तर आपल्या कल्पित जमातीची मुले बोटांशी खेळताना अंगठ्याला बाबा, तर्जनीला आई, मधल्या बोटाला थोरला मुलगा, अनामिकेला मुलगी आणि करंगळीला तान्हे बाळ म्हणतात, असेही त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात टिपून ठेवले आहे. आपल्याकडे बाळाचा तळहात हाती घेऊन बोटे मोजली जातात, त्याच जातीचा हा खेळ. विल्किन्सच्या चाळीस वर्गांत याला कोठे जागा मिळाली असती?

१९५० च्या दशकात टॉल्किन यांनी प्रभूची प्रार्थना आणि ‘नमो मरिया’ या क्वेन्यात आणल्या. पहिल्याच शब्दात एक गंमत आहे, आणि ती इंग्रजी वाचकाला समजावून द्यावी लागते. मराठी वाचकाला नाही. आपल्याकडे ‘आमचा’ आणि ‘आपला’ यांत भेद आहे: ज्याच्याशी बोलतो त्याला वगळून ‘आमचा’, त्याला धरून ‘आपला’. क्वेन्यातही हा भेद आहे. देवाशी बोलताना त्याला बाप म्हणायचे तर ‘आपला’ म्हणून चालणार नाही, कारण तो स्वतःचाच बाप ठरेल. टॉल्किन यांनी ‘आतारेम्मा’ असे लिहिले; त्यातील प्रत्यय ‘आमचा’ या अर्थाचा आहे. आपल्या प्रार्थनेतही ‘आमच्या’च आहे, आणि आपण लहानपणापासून ते न चुकता म्हणत आलो. झामेनहॉफ यांच्या भाषेत हा भेद करता येत नाही.

‘नमो मरिया’ मध्ये देवाच्या मातेसाठी त्यांनी घरगुती ‘आमिल’ वापरला नाही. ‘ओंतारिल’ हा शब्द घेतला; त्याचा अर्थ जन्म देणारी. ४३१ साली इफेससच्या धर्मसभेने मरियेविषयी जो ग्रीक शब्द ग्राह्य धरला, त्याचाही अर्थ देवाला जन्म देणारी असाच आहे. प्रभूच्या प्रार्थनेचे टॉल्किन यांनी एकूण सहा खर्डे केले. ते १९७३ साली वारले, आणि हे कागद २००२ साली प्रथम छापले गेले.